खाणीतून आलेल्या ओळी

झोम्बा, ४ मार्च
नोकरी लागली! जिल्हा कचेरीसमोर नीलमोहराखाली कालियातीकाकांचं पत्रं टाइप करून देण्याचं दुकान आहे. माझ्या वाट्याला आलेला टाइपरायटर माझ्याहून वयानं मोठा. कळा जड, पण ओळ संपताना घंटी अशी किणकिणते की पुढची ओळ लिहायचा मोह व्हावा. काका म्हणाले, "हळू बडव, पोरी, तो काही तुझा नवरा नाही!" सगळे हसले. माझा नवरा लेफानी दक्षिणेत, सोन्याच्या खाणीत. त्याला हे कळवायलाच हवं.

९ मार्च
नागामाआजींनी खाणीतल्या मुलाला पत्र सांगितलं: मका बरा आलाय, शेळी व्याली. वाचून दाखवताना शेवटी एक ओळ जास्तीची निघाली. 'आई, इथे फार अंधार आहे.' मी ती टाइप केली नव्हती. आजींना वाटलं, थट्टाच करते. मी ओशाळून कागद फाडला, पुन्हा टाइप केलं.

१७ मार्च
आजींचा मुलगा गेला. खाणीत दरड कोसळली. तार आज आली, पण तो गेला नऊ तारखेलाच.

२० मार्च
एका बाईचं खाणीतल्या भावाला पत्र. 'ताई, पाणी गळ्याशी आलं.' या वेळी माझी बोटं मांडीवर होती. कळा आपोआप खाली जात होत्या. बाईला वाचता येत नव्हतं. ती ओळ मी वाचून दाखवली नाही. लाज वाटते.

काकांना विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. मग हे यंत्र विकलं का नाही? म्हणाले, "माझा थोरला शेवटचं यावरच बोलला. त्या पोरांना तिथे कागद कोण देणार?"

२ एप्रिल
लेफानीचं पत्र नाही. पाच आठवडे. मी त्याला हातानंच लिहिते, यंत्रावर नाही.
नागामाआजी रोज येतात, तो फाडलेला कागद मागतात. केराची टोपली, मागचा केराचा खड्डा, सगळं उकरलं. नाही सापडला. दुसऱ्या दिवशी परत येतात.

११ एप्रिल, भर दुपार
काका जेवायला गेलेत. यंत्रात कागद नाही. तरी कळा चालू आहेत — उघड्या रबरी रुळावर — काय उमटतंय, वाचता येत नाही —

कागद नाही लावला, तर काहीच झालेलं नाही. उठून घरी जाता येईल —

थांबत नाहीत. पण तो एकटा असेल —

लावला. माझं नाव आलं. एस्नार्ट, मी —