लिंडेन ग्रोव्हच्या होकारार्थी माना

६ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. वाचक मी एकटाच, त्यामुळे द्वेषमूलक टीकेचा संभव नाही.

माजी गव्हर्नर क्लेटन व्हिटलॉक राष्ट्राध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत उमेदवारीसाठी उभे आहेत. त्यांच्या प्रचारमोहिमेत लिंडेन ग्रोव्हच्या दुसऱ्या प्रभागाचे प्रमुखपद माझ्याकडे, म्हणजे डेलमार हूकस्ट्रा, वय चौपन्न, व्यवसाय लिलाव पुकारणे, यांच्याकडे सोपवण्यात आले आहे. या पदासाठी दुसरा कोणीही पुढे आला नाही, यावरून पंचक्रोशीतील माझ्या दराऱ्याची कल्पना यावी.

कार्यस्वरूप : घरोघरी जाऊन दोन प्रश्न विचारणे. उमेदवार प्रामाणिक वाटतो का? आणि त्याच्यात नेतृत्वगुण दिसतात का? त्यानंतर प्रत्येक मतदाराला एक ते पाच असा अंक देणे. एक म्हणजे पक्का आपला. पाच म्हणजे पक्का विरोधक. राजधानी डी मॉइनच्या प्रचार-कचेरीतील मिस पेट्राकिस यांनी फोनवर बजावले, की आकडे खरे द्या हं, हूकस्ट्रा. हे मला सांगावे लागावे! क्षमा केली.

८ जानेवारी, बुधवार.

शुभारंभ शेजारच्या व्हर्लिन टीगपासून. हाडे गोठवणारी थंडी. दोन्ही प्रश्न मी खणखणीत स्वरात विचारले. व्हर्लिनने धान्याच्या कोठाराकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "माणूस वेगळा आहे." आणि वरखाली मान हलवली.

वेगळा! म्हणजे असामान्य, लोकोत्तर. अंक : एक.

माझ्या व्यवसायात मान हलली की माल विकला गेला, त्यावर अपील नाही. काही वर्षांपूर्वी याच व्हर्लिनने माझ्या लिलावात मान हलवली आणि गवत गोळा करण्याचे एक जुने यंत्र त्याच्या नावावर झाले. मी तर तुला नुसता नमस्कार करत होतो, असे त्याचे म्हणणे. यंत्र त्याच्या गोठ्यामागे अद्याप गंजत उभे आहे. व्हर्लिनने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. नाताळची शुभेच्छापत्रे अर्थात वगळून.

११ जानेवारी, शनिवार.

प्रभाग पादाक्रांत. प्रत्येक घरी कॉफी, प्रत्येक घरी रुबार्बच्या, म्हणजे एका आंबट देठाच्या, वड्या. उत्तरे : "बरा वाटतो." "वाईट नसावा." "बघू या की." आणि सर्वत्र हललेली मान.

सर्वांना एक.

निवृत्त शिक्षिका आयनेझ श्राडर यांनी मात्र बारकाईने विचार केला. म्हणाल्या, "प्रामाणिक असेल रे. पण कशाबद्दल, ते काही समजत नाही." नंतर मान हलवली आणि मला मफलर नीट गुंडाळायला लावला. एक.

मिस पेट्राकिस यांचा फोन. सगळेच कसे एक, असा सूर. खुद्द गव्हर्नरसाहेबांच्या गावीसुद्धा असे नाही म्हणे. मी शांतपणे म्हणालो, की तिथे मी नाही.



१२ जानेवारी, रविवार.

घरातील मत गृहीत धरणे लोकशाहीस शोभत नाही. म्हणून रात्रीच्या जेवणात पत्नी अर्लिसलाही औपचारिकपणे विचारले. ती बटाटे वाढत होती. म्हणाली, "जेव ना आधी, डेलमार." मग मान हलवली. एक.

तीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या जत्रेत, डुकरांच्या गोठ्याशेजारी, मी तिला लग्नाचे विचारले होते. त्या वेळी तिच्या तोंडात मक्याच्या पिठात तळलेले सॉसेज होते. तेव्हाही तिने मानच हलवली. तो व्यवहार आजतागायत वैध आहे.

१५ जानेवारी, बुधवार.

झोप नाही. कारण अज्ञात. बहुधा यशाचे ओझे.

अंगणातील व्हिटलॉकचा फलक वाऱ्याने पडला. पुन्हा रोवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा रोवला आणि आत येऊन पाहतो तर तोंड घराकडे. आता गव्हर्नरसाहेब दिवसभर माझ्याकडे बघून हसतात.

मी वाटलेले फलक एकाही अंगणात दिसत नाहीत. चौकशीअंती कळले, की लोकांनी ते जपून ठेवले आहेत. व्हर्लिनने त्याचा फलक कोंबड्यांच्या खुराड्याच्या फुटक्या खिडकीला ठोकला आहे. "वारा अगदी येत नाही बघ," असे तो कृतज्ञतेने म्हणाला. उमेदवाराच्या संरक्षणविषयक धोरणावर जनतेचा हा विश्वास.

१९ जानेवारी, रविवार. दुपार.

महापर्व! गव्हर्नर व्हिटलॉक स्वतः गावात.

स्थळ : लव्हॉन क्विकचे उपाहारगृह. हिवाळ्यात आमच्याकडे चिलीबरोबर, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याबरोबर, दालचिनीचा रोल खातात, तोच गव्हर्नरसाहेबांपुढे ठेवला गेला. (लव्हॉन ही दुर्दैवाने प्रतिस्पर्धी सिनेटर डॉब्रिनबाईंची प्रभागप्रमुख आहे. स्वयंपाकात मात्र पक्षपात करत नाही.) साहेबांनी एक घास घेतला, छातीवर हात ठेवला आणि उद्गारले, "असा रोल मी आयुष्यात खाल्ला नाही!" माझा हात दोन्ही हातांत घेऊन मला ड्वेन म्हणाले. असंख्य नावांच्या गर्दीत त्यांना आद्याक्षर तरी आठवले, ही स्मरणशक्तीची विलक्षण झेप होय.

ते गेल्यावर लव्हॉनने बशीवरचा कागदी रुमाल उचलला. खाली रोल. एक घास कमी, बाकी अक्षत.

"नाही आवडला तर नाही आवडला म्हणावं," ती सर्वांसमक्ष म्हणाली. "लपवायचं कशाला? माझी नातवंडं असलं करतात."

मी स्पष्टीकरण दिले, की समोर आलेले सगळे न संपवणे हे आर्थिक शिस्तीचे लक्षण आहे. लोकांनी माना हलवल्या.

पुढे साहेबांची बस चौकातल्या बर्फात रुतली. व्हर्लिनने ट्रॅक्टर आणला, दहाबारा जणांनी ढकलली. साहेब आत फोनवर बोलत होते. खिडकीतून अंगठा दाखवला. "उतरला असता तर वजन तरी कमी झालं असतं," हे व्हर्लिनचे शब्द. दृष्टिदोष, दुसरे काय! खरा नेता स्वतः ढकलत नाही. ढकलण्याची प्रेरणा देतो.

२० जानेवारी, सोमवार.

संध्याकाळच्या बातम्यांत शेजारच्या गावची सभा. तोच छातीवरचा हात, तोच रोल, तेच वाक्य. आयुष्यात खाल्ला नाही.

अर्लिस विणता विणता थांबली, पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.  पुन्हा विणू लागली.

सातत्य हा गुण आजकाल दुर्मीळ झाला आहे.

२२ जानेवारी, बुधवार.

उपाहारगृहात चर्चा रोलचीच. युद्ध, कर, औषधांच्या किमती, सारे बाजूला.

व्हर्लिन म्हणाला, "जो माणूस रोलबद्दल थाप मारतो, तो मक्याच्या भावाबद्दल काय सांगेल?"

आयनेझबाई म्हणाल्या, "थापेचं एवढं नाही रे. त्याला वाटलं आपण रुमाल उचलणार नाही, ते लागलं मला."

मला उभे राहावे लागले. मी म्हणालो, की या प्रभागातले बहुसंख्य लोक गव्हर्नरसाहेबांच्या बाजूने आहेत, हे मी त्यांच्या मानांवरून जाणतो. आणि ज्याला माना वाचता येत नाहीत त्याने लिलावाचा हातोडा कायमचा खाली ठेवावा. तीन फेब्रुवारीला शाळेच्या व्यायामशाळेत पक्षाचा उमेदवार निवडायची सभा आहे, तिथे साहेबांच्या कोपऱ्यात किमान बारा माणसे उभी राहिली नाहीत, तर मी हातोडा ठेवीन.

 मग लव्हॉन हळूच म्हणाली, "डेलमार, कशाला असलं बोलतोस? बस, कॉफी घे."

सर्वांनी माना हलवल्या. साक्षीदार भरपूर.

२५ जानेवारी, शनिवार.

दुसरी फेरी. लोक पहिल्यापेक्षा अधिक प्रेमळ. गव्हर्नरविषयी कमी बोलतात, माझ्याविषयी जास्त. झोप लागते का? घरी सगळं ठीक ना? व्हर्लिनच्या बायकोने भांडेभर चीज घालून भाजलेले नूडल बांधून दिले, जणू माझ्या घरी कोणी वारले आहे.

सर्वांना एक. आयनेझबाईंना एक, पण खाली बारीकशी रेघ.

२९ जानेवारी, बुधवार.

मिस पेट्राकिस यांनी सांगितले, की प्रभागात बारा जण जमले तर माझे नाव पक्षाच्या उन्हाळ्यातील राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी म्हणून सुचवता येईल. सूट शिवावा का? नॉर्वेत राजदूतपद मिळाल्यास थंडीचा प्रश्न नाही. अर्लिसला विचारले, नॉर्वे आवडेल का. तिने मान हलवली.

फलक पुन्हा पडला. तसाच राहू दिला. त्याचे हसणे अलीकडे मला सहन होत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार.

येरझाऱ्या. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. अर्लिस म्हणाली, "चटई झिजेल." मी म्हणालो, की इतिहास घडत असताना चटईचा विचार करू नये. ती म्हणाली, "चटई आईची आहे."

अन्य राज्यांत लोक पडद्याआड शिक्का मारून घरी जातात. आमच्याकडे तसे नाही. शेजाऱ्यादेखत, सासऱ्यादेखत, धर्मगुरूदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. डोकी मोजतात. पुरेशी नसली तर तो गट मोडतो आणि माणसे दुसऱ्या कोपऱ्यांत जातात. आजवर ही पद्धत मला लोकशाहीचा परमोच्च आविष्कार वाटत असे. आज ती थोडी उघडी-वाघडी वाटते.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

तो दिवस. निळा टाय. मन प्रसन्न. 

अर्लिसने परातभर रुबार्बच्या वड्या केल्या. माझ्या कोपऱ्यासाठी. धन्य ती सहधर्मचारिणी!

त्याच दिवशी. दुपार.

काहीही सुचत नाही. टाय बदलला. पुन्हा निळाच घातला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ.

जे घडले ते वस्तुनिष्ठपणे नोंदवतो.

आमच्या वाट्याला दाराजवळचा, बास्केटबॉलच्या जाळीखालचा कोपरा आला. वारा थेट अंगावर. टेबल मांडले, परात ठेवली. सभेला प्रारंभ होताच लोकांचा लोंढा माझ्याकडे आला. माझे डोळे पाणावले. प्रत्येकाने एक वडी घेतली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि तो पुढे डॉब्रिनबाईंच्या कोपऱ्यात गेला.

व्हर्लिनने दोन घेतल्या.

आयनेझबाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "दार लावून घे, बाळ. छातीत थंडी बसेल." आणि गेल्या.

शेवटी कोपऱ्यात आम्ही दोघे उरलो. मी आणि एक अनोळखी गृहस्थ. त्यांच्याशी मी व्हिटलॉक यांच्या चारित्र्यावर मनापासून बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. ते शाळेचा बॉयलर दुरुस्त करायला आले होते. वडी घेऊन तळघरात गेले.

तेव्हा माझे लक्ष गेले, की अर्लिस परात ठेवल्यानंतर माझ्याशेजारी नव्हती. ती समोर, लव्हॉनच्या बाजूला, विणकाम हातात घेऊन उभी होती. जाताना म्हणाली असावी, "डेलमार, मी तिकडे आहे हं." मला वाटले, स्वयंपाकघरात.

सगळी व्यायामशाळा माझ्याकडे पाहत होती. कोणीही हसले नाही. हसले असते तर सोपे गेले असते. हातोड्याचा विषयही कोणी काढला नाही. सभाध्यक्ष म्हणाले, व्हिटलॉक गट पुरेसा नाही, दुसरीकडे जायला वेळ आहे. मी जाळीखाली ताठ उभा राहिलो. तत्त्वनिष्ठ माणसाने एकाकीपणाला भ्यायचे नसते. फक्त गार वारा फार होता.

मग अर्लिसने तिकडून हाक मारली, "डेलमार, तिथं गारठशील. इकडे येतोस?"

तिच्या हाकेला सर्वांसमोर उत्तर न देणे असभ्य दिसले असते. म्हणून, केवळ सौजन्य म्हणून, मी मान हलवली.

"एकवार!" व्हर्लिन गरजला. "दोनवार! तीनवार! गेला, डॉब्रिनबाईंना गेला!" आणि अख्ख्या प्रभागाने टाळ्या वाजवल्या. सभाध्यक्षांनी माझे डोके मोजून टाकले. मी हरकत घेतली, की तो होकार नव्हता. व्हर्लिन अत्यंत प्रेमाने म्हणाला, "असं कसं, डेलमार? त्यावर अपील नाही."

अर्लिसने माझा हात धरला. तिचा हात उबदार होता. मी तिथेच उभा राहिलो.

त्याच दिवशी. दुपार.

मिस पेट्राकिस यांचा फोन. गव्हर्नरसाहेब माघार घेत आहेत. सर्व प्रभागप्रमुखांचे आभार. निरोपात माझे नाव ड्वेन.

हातोडा पेटीत ठेवला. पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

संध्याकाळ.

व्हर्लिन दाराशी. गोठ्यामागचे ते गवताचे यंत्र वसंतात लिलावात काढायचे म्हणतो. पुकारशील ना? मी म्हणालो, की मी सर्वांसमक्ष शब्द दिला आहे. तो म्हणाला, "दिला असशील. कुणी ऐकला असं मला नाही आठवत." मी विचार करतो म्हणालो. मान मात्र हलवली नाही.

जेवताना अर्लिसला विचारले, मला आधी का नाही सांगितलेस. ती म्हणाली, "तू दोन प्रश्न विचारलेस, डेलमार. मी कुठे उभी राहणार, हे विचारलंच नाहीस."

आणखी एक बटाटा वाढून घेतला. मग धीर एकवटून विचारले, की तीस वर्षांपूर्वी जत्रेत, डुकरांच्या गोठ्याशेजारी, ती मान हलली होती, तो होकार होता की सौजन्य?

अर्लिसच्या तोंडात घास होता. ती माझ्याकडे पाहून हसली.

मान हलवली.