पारूबाई नव्हे, पारूबाव

प्रति,
मा. पाणवठे नोंद अधिकारी,
पाणवठे नोंद कक्ष (तात्पुरता),
अंधेरी पश्चिम, मुंबई.

दि. ३ फेब्रुवारी २०२६

विषय : वेसाव्याची पारूबाव ही बाई नसून विहीर असल्याबाबत.
संदर्भ : आपलं पत्र, ‘श्रीमती पारूबाई यांना मयत समजून नाव वगळणेबाबत’, दि. २९ जानेवारी.

महोदय,

खरं सांगतो, हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो. चूक माझी आहे आणि ती लेखी द्यायची लाज वाटत होती. पण चौदा तारखेला डंपर येणार कळल्यावर गप्प बसवेना.

मी मुलुंडला राहतो, मोबाइल दुरुस्त करतो. जुन्या विहिरींची नोंद कशी करायची हे मला कुणी शिकवलं नाही. दोरीला दगड बांधून खोली मोजायला माझा मीच शिकलो. आपल्या कक्षाने माहिती मागवली तेव्हा अकरा विहिरी पाठवल्या. दहा बरोबर गेल्या.

अकरावी पारूबाव. वेसाव्यात विहिरीला बाव म्हणतात. मी घाईत टाइप करत होतो, मोबाइलने आपल्या मनाने ‘बाव’चं ‘बाई’ केलं, मी न बघता पाठवलं. खालची माहिती मात्र विहिरीचीच राहिली : वय अंदाजे दीडशे, घेर एकतीस फूट, तोंड कायम उघडं, पोटात दोन कासवं.

यावर आपलं पत्र आलं, की पारूबाईंनी आधार कार्डासह बुधवारी समक्ष हजर राहावं. मी धावत आलो. खिडकीवरच्या सुनंदा मॅडमना म्हटलं, मॅडम, ही विहीर आहे. त्या म्हणाल्या, “कागदावर बाई आहे ना? मग बाईला आण. सगळे असंच काहीतरी सांगतात.”

पुढच्या बुधवारी माझा मित्र पिंटू याची आई, मथुरामावशी, बावेचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. म्हटलं, निदान एवढी तरी हजेरी लागेल. गेटवरच्या वॉचमनने बाटली अडवली आणि तिथेच पिऊन टाकली. वर म्हणाला, “काय गोडं पाणी आहे मावशी! अजून आहे?” म्हणजे हजर व्हायला आलेली गेटवरच संपली. पण समुद्र हाकेवर असून बावेचं पाणी गोडं आहे, ही साक्ष आपल्याच माणसाने दिली, याची कृपया नोंद घ्यावी.

तिसऱ्या बुधवारी कुणी आलं नाही. तीन बुधवार गैरहजर, म्हणून आपल्या पत्रात पारूबाई मयत. मावशीला सांगितलं तर ती माझ्यावरच खेकसली, “आमची बाव मेली कवा रं? सकाळीच पाणी काढलंय मी!”

दुरुस्ती मागितली तर हयातीचा दाखला सांगितला, डाव्या अंगठ्याच्या ठशासह. महोदय, मी बाव चारी बाजूंनी बघितली. अंगठा नाही.

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण पारूबाई गेल्यामुळे आपल्या यादीत त्या जागी आता विहीरच नाही, ‘निनावी खड्डा’ आहे, आणि तो चौदा तारखेला डेब्रिज टाकून बुजवायचा आहे. एकोणीसला पिंटूची हळद. त्यांच्या घरात नवऱ्यामुलाला पहिली अंघोळ याच बावेच्या पाण्याने घालतात. त्याच्या बापाची झाली, आज्याची झाली. पिंटूला टाकीच्या नळाखाली बसवायचं का?

तरी विनंती, की ‘ई’ खोडून तिथे ‘व’ लिहावा आणि डंपर थांबवावा. काम एका अक्षराचं आहे, वाट लागणार आहे ती पूर्ण गल्लीची.

आपला, यापुढे दोनदा वाचून पाठवणारा,
प्रबुद्ध शिवदास जाधव
मुलुंड पूर्व

सोबत :
१) बावेचा फोटो (बाजूला उभी ती मथुरामावशी. ती बाई आहे. कृपया गल्लत नको.)
२) खोली मोजलेली दोरी, गाठींसह
३) पाण्याची दुसरी बाटली, सीलबंद

ता. क. : हे टाइप करताना पिंटू शेजारीच बसलाय, चेहरा पाडून. त्याला आपल्या साक्षीने शब्द देतो : लेका, डंपर आलाच तर मी बावेत उतरून उभा राहीन. मला पोहता येत नाही, तुला माहितीये. तरी उतरणार. तू फक्त माझ्या कमरेची दोरी सोडू नकोस, आणि एकोणीसला पाटावर बस. पहिला तांब्या मी ओतणार.