होती तशी जमीन

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तळ्याच्या जमिनीचा करार जुलैत संपतो. मालकाला तिथे गोदाम बांधायचंय, त्यामुळे मुदत वाढवणार नाही म्हणतो. नऊ वर्षं गाळ काढला, चुना टाकला, आता कुठे मासा मनासारखा वाढायला लागला होता. मी जमीन विकत घेणार होतो. तूच म्हणालीस, भाड्याने घे, नाही जमलं तर उठून चालता हो. पण चालतंही होता येत नाही. करारात लिहिलंय, जमीन होती तशी द्यायची, म्हणजे तळं बुजवून. तुझी भावजय दोन दिवस कुणाशी बोललेली नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा धाकट्या

९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सल्ला माझाच होता, आता कुणाला बोल लावू? पण न वाचता सही ठोकायची तुझी खोड जुनीच. प्रगतिपुस्तकावर बाबांचीसुद्धा तूच ठोकायचास.

उपसलेली माती कुठेतरी असेलच, तीच आत ढकल. आणि नवं तळं घरामागे स्वतःच्या जमिनीत खोद. खचू नकोस.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरामागे सगळा मुरूम आहे, पाणी टिकत नाही. म्हणून तर ती चिकणमाती भाड्याने घेतली होती. बांधाच्या मातीने तळं निम्मंच भरतंय. बाकीची माती मी तेव्हाच वीटभट्टीवाल्याला दिली. बदल्यात त्याने विटा दिल्या. तुझ्या घराच्या विटा ओळखीने मिळाल्या असं मी सांगितलं होतं, त्या याच. सांगणार नव्हतो, पण तूच मातीचा विषय काढलास.

काल शेवटचा मासा काढला.

धाकट्या

८ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दिवसभर भिंतीला टेकून बसले. भिंत पाडून माती परत देता येत नाही रे. आता कशाने बुजवणार, ते कळव.

ताई

१९ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

बुजवलं. घरामागची जमीन खोदली आणि तो मुरूम तिकडे नेऊन टाकला. मालकाने पायाने दाबून पाहिलं, बरं आहे म्हणाला.

आता घरामागे मोठा खड्डा झालाय. टिकणार नाही हे माहीत असूनही मी परवा दिवसभर पंप लावून त्यात पाणी सोडलं. संध्याकाळी तुझी भावजय काठावर येऊन बसली, कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. यात कोणता मासा सोडायचा, असं विचारत होती. मी नाव सांगितलं.

सकाळी ती उठायच्या आत मी जाऊन पाहिलं. तळाशी नुसती ओल होती.

लोभ असू दे. सध्या तेवढाच आधार आहे.
धाकट्या