बाबांशी दहा मिनिटं

३ जून
आणखी एक जोडी गळाली! आई-मुलगी माझ्या प्रबंधाच्या अभ्यासात भाग घ्यायला येणार होत्या, वाटेतच भांडल्या आणि घरी परतल्या. आणि अभ्यास कशावर? मोठी झालेली मुलं आणि आईवडील एकमेकांना आधार कसा देतात, यावर.

माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, महिनाअखेर एक जोडी आण, नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी. "तुझेच वडील आण की!" नियमात बसतं का? "आता सगळं बसतं," म्हणाल्या.

बाबा! सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात ठेवला की यांची टकळी सुरू. माझ्याशी मात्र दोनच वाक्यं – "जेवलास?" आणि "दिवा बंद कर."

४ जून
आईने बातमी फोडली. बाबा दुकान बंद करतायत! कारण विचारलं तर म्हणे कंटाळा आला. इतकी वर्षं नाही आला तो? आई काळजीत आहे. मीही. "तूच विचार," म्हणाली, "तुझं शिक्षणच लोकांना प्रश्न विचारण्यात गेलंय."

५ जून
विचारलं. "दिवा बंद कर," म्हणाले.

९ जून
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतीत मोठा आरसा – पलीकडून काच, तिथे मॅडम बसून बघणार, रेकॉर्डिंग करणार. दहा मिनिटं काहीही बोला, एवढंच काम. बाबांनी माझे कल्ले न्याहाळले. "डावा खाली आलाय." मग मिठाची गुळणी!

मॅडमनी आणखी एक संधी दिलीय. बिचाऱ्या.

११ जून
आज बाबा बसलेच नाहीत. माझी खुर्ची आरशाकडे फिरवली, मागे उभे राहिले, डोक्यावर हात ठेवला आणि आरशातल्या मला विचारलं, "काय मग, कसं काय?"

आणि सुटले! शेजाऱ्यांची भांडणं, आईचं घोरणं, मी लहानपणी कात्रीला घाबरून खुर्चीखाली लपायचो ते. मग त्याच सुरात – "दुकान बंद करतोय. पोराला सांगितलं नाही. शिक्षण सोडून दुकान सांभाळत बसेल गाढव."

"का बंद करताय?"

तेव्हा कुठे मला जाणवलं, डोक्यावरचा हात थरथरत होता. "वस्तरा धरवत नाही रे."

मला रडू फुटलं. बाबांनी दोन बोटांनी हनुवटी वर केली. "मान सरळ."

१२ जून
मॅडम जाम खूश. अख्ख्या अभ्यासातली सगळ्यात बोलकी जोडी म्हणे! फक्त रेकॉर्डिंग वापरायला बाबांची परवानगी हवी. बाबांनी साफ नाही म्हटलं. "खुर्चीतलं बोलणं आम्ही दुकानाबाहेर नेत नाही."

"प्रबंध अडकेल, बाबा."

"अडकू दे. तू काय म्हातारा झालायस?"

खूप राग आला. जेवलो नाही. मग आईने बळंच वाढलं.

१४ जून
रेकॉर्डिंग पुसलं. मॅडम बोलत नाहीयेत.

संध्याकाळी दुकानात गेलो. बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं, स्वतः खुर्चीत बसले, गालाला साबण फासला आणि वस्तरा माझ्या हातात दिला.

"बाबा, मला नाही येत."

"तुझाही थरथरतोय की!" हसले, डोळे मिटले. "बोलत राहा."