कडुलिंबावरची काळी द्राक्षं

शेतवस्ती, अहमदपूरजवळ
पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सरजाअक्कास,

धाकट्या शेषेरावाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हशीसकट. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? शेजारच्या केरबाला मुखेडच्या बाजारात दाजी भेटले होते. ते म्हणाले म्हणे, की तू जिना चढणं सोडलंस आणि माळ्यावरचं सगळं आता त्यांनाच आणायला लावतेस. ऐकून बरं वाटलं. (दाजींच्या तब्येतीसाठी.) फोनवर तू मला पहिल्या वाक्याच्या पुढं जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. ते बसून वाच.

विहिरीजवळच्या कडुलिंबावर चढलेली ती काळ्या द्राक्षांची वेल तुला आठवत असेल. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बियाच बिया, आणि आंबट असे की माकडंही एकदा खाऊन पुन्हा वर्षभर फिरकत नाहीत. यंदा एप्रिलमध्ये मात्र तिला असे घड लागले की मला हाव सुटली. पाटीभर उतरवले, कुस्करले, साखर घातली आणि सरबत म्हणून माठात भरून ठेवले. मग हळद शिजवायच्या गडबडीत विसरलो. चौथ्या दिवशी भर उन्हात सासरे आले. आमच्या दगडोबामामांना तू ओळखतेसच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माणूस माझ्याशी कधी चार शब्दांच्या वर बोलला नाही. (त्यातले दोन ‘पाणी आण’.) तारामतीनं त्यांना माठातलं सरबत दिलं. त्यांनी तांब्याभर घेतलं, वर आणखी अर्धा घेतलं, आणि मग माझा हात हातात धरून म्हणाले, “जावईबापू, तुम्ही लई गुणाचे हाव. म्या कधी बोललो न्हाई, चुकलंच माझं.” एवढं बोलून ते रडले. मीही रडलो. मग त्यांनी म्हशीचीही माफी मागितली, तेव्हा तारामतीनं माठ हुंगला.

पुढचं तुला सांगायला नको. माठ उकिरड्यावर गेला. मामा दुसऱ्या दिवशी उठले ते पुन्हा दगड होऊनच, आणि एसटीत बसले. “माझ्या बापाला ह्या वयात दारू पाजली,” असं तारामती गावभर सांगत सुटली, आणि तिचा राग उतरावा म्हणून मी करवत घेऊन ती वेल बुडापासून कापली. अक्का, कापताना मला काहीच वाटलं नाही, हे खरं सांगतो. ते नंतर वाटलं.

नंतर म्हणजे तिसऱ्याच दिवशी. लातूरच्या कृषी कॉलेजात शिकवणारी धम्मप्रिया केरबाच्या डाळिंबाची माती बघायला आली होती. (अर्धापूरकडची मुलगी, केळीच्या बागांत वाढलेली.) कापलेल्या वेलीच्या ढिगापाशी ती थबकली. राहिलेला एक घड उचलून मणी फोडला आणि बोटं बघत राहिली. बोटं लालभडक.

“काका, ह्याचा गरसुद्धा लाल आहे. काळ्या द्राक्षाचा गर बहुतेक पांढराच असतो. असली द्राक्षं लाल वाईनसाठी शोधत फिरतात लोक. वेल कुठंय?”

मी बुंध्याकडं बोट दाखवलं.

“कुणी कापली?”

मी इकडंतिकडं बघितलं, जणू तो माणूस आत्ता इथंच होता.

ती पदर खोचून बसली आणि ढिगातल्या जिवंत काड्या वेचू लागली. बासष्ट निघाल्या. मातीच्या पिशव्या भरून कडुलिंबाच्या सावलीत लावल्या. पानं तपासायला पाठवली. एवढ्या उन्हात काड्या जगणं अवघड, असं ती सांगून गेली, आणि मी नांगरट सोडून दिवसातून चारदा पाणी शिंपडत बसलो. वीस वाळल्या. एकोणतीस केरबाच्या शेळीनं खाल्ल्या. (शेळी बरी आहे.) नऊंना वाळवी लागली. राहिल्या चार. त्यांच्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, तर मध्ये बसून पाणी घालणारी बाई कोण, तर तारामती! म्हणाली, “वेलीचा काय दोष? चूक माणसाची हाय.” आणि माझ्याकडं बघितलं.

चारही फुटल्या, अक्का. पहिलं पान आलं तेव्हा मी लातूरला फोन केला आणि माझा आवाजच फुटेना. धम्मप्रियाला वाटलं चारही मेल्या. मग तिनं तिची बातमी सांगितली. तपासणीत आपलं पान कुठल्याच नोंदलेल्या वाणाशी जुळलं नाही. त्या चारांच्या काड्या नेऊन तिनं आणखी रोपं वाढवायला घेतलीत, आणि वाणाची नोंदणी करायचं ठरलंय. बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
शेषेराव

ता. क. नोंदणीच्या अर्जात ‘वेल कुणी लावली’ असा रकाना आहे. मला आठवलं, देगलूरच्या जत्रेतून नऊ वर्षांची तू एक काडी आणली होतीस आणि भांडी घासलेलं पाणी रोज तिला घालायचीस. बाबा हसायचे. तू सासरी गेलीस, वेल राहिली. म्हणून तुझं नाव लिहिलं. वाणाचं नावही ‘सरजा’ असंच दिलं.

आणखी एक. तू मुखेडच्या महिला दारूबंदी समितीची अध्यक्ष आहेस, हे मला अर्ज पाठवल्यावर आठवलं. तुझी संमती लागत होती आणि मुदत संपत होती, म्हणून सहीसुद्धा मीच केली. ऑफिसातून फोन येईल. सही तुमचीच का, असं विचारतील. समितीच्या बायका शेजारी नसतील असं बघून तेवढं ‘हाव’ म्हण.