बंद घरातला चालू एसी

प्रति,
मा. गृहव्यवस्था अधिकारी,
कंपनी क्वार्टर्स कार्यालय,
मीना सलमान, बहरीन.

विषय : सनाबिस येथील क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपली दि. १२ ऑगस्ट १९८४ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार हेमचंद्र केशव लिमये, हिशेब विभाग, सादर करतो की, आपण पुण्याचे असल्याने अर्ज मराठीत केला आहे. आणि कागद वाया जाऊ नये म्हणून तो आपल्याच नोटिशीच्या कोऱ्या पाठीवर लिहिला आहे.

१. अर्जदार मूळचा गुहागरचा. तेथे न्हाणीचे पाणी अळवाला जाते, दोडक्याच्या शिरांची चटणी होते आणि जुन्या धोतराची फडकी होतात. सनाबिसलाही अर्जदाराने हेच चालू ठेवले आहे. अळू गच्चीवर डब्यांत आहे. पिण्याचे पाणी माठात असते. फ्रिज घरात येऊ दिलेला नाही. एसी भिंतीत बसवलेलाच मिळाला, त्यास इलाज नव्हता. तो लावला जात नाही.

२. खालच्या मजल्यावरील श्री. महादेव पोतनीस जुलैत सपत्नीक रजेवर मुंबईस गेले आणि जाताना एसी चालू ठेवून गेले. बंद घरात सोफ्याला बुरशी येते, असे सौ. मंगलावहिनींनी सांगितले. येथे सगळेच असे करतात, हे अर्जदारास ठाऊक आहे. सगळे करतात म्हणून गाढवपणाचे शहाणपण होत नाही. मालक दादरला घामाघूम आणि सोफा बहरीनमध्ये गारव्याला, हा थाट एसीच्या घरघरीतून जिन्यात जाता-येता ऐकावा लागे. अखेर अर्जदाराने जिन्याखालचे त्यांचे मेन स्विच बंद केले.

३. त्यामुळे फ्रीझर बंद पडून आतले सर्व नासले व इमारतभर दुर्गंधी सुटली, असा आरोप आहे. ज्याच्या घरी फ्रिज नाही त्याला दुसऱ्याचा फ्रिज आठवणार कसा? आणि दोन माणसांच्या घरात मेजवानीचे सामान गोठवून ठेवायचे कशाला? अर्थात हे आपणास सांगणे व्यर्थ आहे. आपण ऑगस्टमध्ये कार्यालयात स्वेटर घालून बसता. आपल्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर भर दुपारी गोडे पाणी सोडलेले असते. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यापेक्षा अर्जदार ते अळवाला घालील.

४. सबब नोटीस रद्द करावी. प्रत्येक बंद घराचे मेन स्विच बंद करण्याचा अधिकार अर्जदारास लेखी द्यावा. तसेच तक्रार कोणी केली ते कळवावे. पोतनीस मुंबईत आहेत. वॉचमन नजीब नाकाला रुमाल लावतो, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हा तोंड लपवून चहाडी करणारी ही भेकड व्यक्ती इमारतीतलीच आहे. क्वार्टरमधून तिलाच बाहेर काढावे.

५. येथवरचा मजकूर अर्जदाराने पत्नीस वाचून दाखविला. सौ. स्मिता भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव घाला. तक्रार मी केली."

पोतनिसांच्या घराची किल्ली सौ. स्मितांकडे होती. तेथल्या फ्रीझरमध्ये सौ. स्मितांच्या आईने रत्नागिरीहून पाठवलेला आमरस होता. स्वतःच्या घरी फ्रिज नाही, म्हणून त्यांनी तो अर्जदारास न सांगता तेथे ठेवला होता.

"आईच्या हातचा शेवटचा होता तो. ती गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, आता जाऊन काय करायचंय, रजेत जाऊ. मला तो खायचाही नव्हता हो. नुसता असू दे म्हणून ठेवला होता."

अर्जदाराने रस वाया गेल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. ते बोलायला नको होते.

६. क्रमांक ४ मधील 'भेकड' हा शब्द अर्जदार मागे घेतो. खोडलेला नाही, लिहिले ते आपल्याला दिसू द्यावे. नोटीस रद्द करावी की कायम ठेवावी, हे आपण सौ. स्मिता यांना विचारून ठरवावे. त्या अर्जदाराशी बोलत नाहीत, आणि या घरात त्यांना अर्जदारासोबत राहायचे आहे का, हे विचारण्याचे धैर्य अर्जदारास नाही.

इतका वेळ नव्हता, पण आता आपला नम्र,

हेमचंद्र केशव लिमये
सनाबिस, १९ ऑगस्ट १९८४