जिनिंगची शेवटची कमान

जळगाव, ४ मे २०२४

ती. झुलालनानांस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. लळिंग किल्ल्याचे फोटो मिळाले. पुतणी म्हणून सांगते, सगळे धूसर आलेत. पूर्वी तुमच्या फोटोत तटावरचं गवतसुद्धा दिसायचं. साखरेमुळे डोळ्यात रक्त उतरलंय, उशीर नको, असं डॉक्टर बोलल्याचं तुमच्या शेजारच्या कोकिळाअक्कांकडून कळलं. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

माझ्या दवाखान्यात रात्रपाळ्या संपत नाहीत. सुटल्यावर मेहरूण तलावावर जाते, पण कॅमेरा पिशवीतून निघत नाही. जीव थकलाय नाना. इकडे निघून या. ललितनी इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.

तुमच्या मायेतली,
दिपमाला

धुळे, ८ मे

चि. दिपमालास अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. ललितरावांना सांग, जावई असून पोरासारखी काळजी करतात. येतो, पण आत्ता नाही. पारोळा रस्त्यावरची जुनी दगडी जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी, पाडताहेत. कमानींखाली पाकोळ्यांची घरटी आहेत, आत पिल्लं. मुकादम मगन भला माणूस. म्हणाला, बठ्ठा उडी जावू द्या, मंग पाडसूत. सगळी पिल्लं उडाल्यावरच पाडणार, असा शब्द दिलाय. पण मालकाची घाई आहे. मी रोज खुर्ची टाकून बसतो, म्हणून त्याचा शब्द टिकून आहे. उठलो की संपलं.

दगड अजून दिसतात. पिल्लांच्या चोची दिसत नाहीत, हे तुझ्यापासून लपवत नाही.

तुझा,
नाना

जळगाव, ११ मे

ती. नानांस सा. न.

रजा मागून घेतली. मॅडम पुष्कळ बोलल्या, मी ऐकून घेतलं. मंगळवारी ललितसोबत धुळ्याला येते. त्याच गाडीत तुम्ही बसायचं, तुमच्या खुर्चीत मी बसेन. नाही म्हणू नका, माझ्यात आता भांडायचं त्राण नाही.

दिपमाला

जळगाव, १७ मे

चि. दिपमालास आशीर्वाद.

आता मी तुझ्या घरी नि तू माझ्या. उजवा डोळा वाचला. डावा गेला. अजून थोडं थांबलो असतो तर दोन्ही गेले असते, असं डॉक्टर म्हणाल्याचं ललितरावांनी पाटीवर लिहून दाखवलं. रडलो नाही, दमलो मात्र फार.

पिल्लांचं खरं काय ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

नाना

धुळे, २१ मे

ती. नानांस सा. न. वि. वि.

खरंच लिहिते. मालक येऊन ओरडून गेला. मगनभाऊंनी रिकाम्या कमानी पाडायला घेतल्या. एका घरट्यातलं पिल्लू दगडाच्या धक्क्याने खाली पडलं, वाचलं नाही. बाकीची एकेक करून उडाली. शेवटी एकच पिल्लू उरलं, तर मगनभाऊंनी तेवढी कमान ठेवली. चहूकडे मोकळं रान नि मधे एकटी कमान. तिचा फोटो सोबत आहे. मोठा काढून घेतलाय, उजव्या डोळ्याला दिसेल.

काल सकाळी घरटं रिकामं होतं. उडताना कोणीच पाहिलं नाही. मगनभाऊ जवळ आले, ताई, आता पाडू का म्हणाले. मजूर हातातली कामं थांबवून माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं.

नाना, ते हो मला म्हणावं लागायला नको होतं. शुक्रवारी परतते.

माया पातळ होऊ देऊ नका,
दिपमाला